शून्यावर आलेला काटा

"बाबलकाका, या सिलिंडरला कोणी हात लावला?"

सिलिंडरवर झेंडूचा हार होता, हळदकुंकवाची बोटं होती आणि दाबाचा काटा शून्यावर होता. काल तो चारशेवर होता. वृंदाने आठ महिन्यांपूर्वी चार किलोमीटर खोल समुद्रातून त्यातले सूक्ष्मजीव वर आणले होते, तळाचा तोच प्रचंड दाब आत कायम ठेवून. दाब उतरला की ते मरतात. त्या दाबात ते जगतात तरी कसे, एवढंच तिला शोधायचं होतं.

प्रयोगशाळेचा जुना शिपाई बाबल पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. "आज खंडेनवमी ना, मॅडम. पूजेला यंत्रं बंद लागतात. म्हणून हळूहळू चावी सोडली."

"अक्कल गहाण ठेवलीत का?" वृंदा कडाडली. "मेले ना सगळे! एका शब्दाने विचारता येत नव्हतं?"

"काल विचारलं होतं," बाबल खाली बघत म्हणाला. "तुम्ही कॉम्प्युटरवर होतात. म्हटलं, मोठ्या सिलिंडरचाही दाब उतरवू का? तुम्ही म्हणालात, हो हो, सगळं बंद करा, पण आधी माझं डोकं खाणं बंद करा."

आरडाओरडा ऐकून संचालक धावत आले. शून्यावरचा काटा बघून त्यांचा चेहराच उतरला. "कोणी केलं हे?"

बाबलने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि तोंड उघडलं.

"मी केलं!" वृंदा त्याच्या आधी, त्याच चढ्या आवाजात ओरडली. "आणि वर यांनाच बोलतेय!"