चमचाभर दही-साखर

डिंपलला आत नेलं आणि तिच्या चपला तेवढ्या कमलबाईंच्या हातात राहिल्या.

पाच वर्षांची नात. वरचा ओठ जन्मापासून नाकापर्यंत दुभंगलेला. धुळ्याच्या मिशन दवाखान्यात परदेशातले डॉक्टर आणि नर्स आठ दिवसांसाठी आले होते, लहान मुलांचे असे ओठ शिवायला. स्वतःच्या रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने. आज शिबिराचा शेवटचा दिवस. दुपारी ते सामान आवरणार आणि संध्याकाळी भुसावळहून गाडी धरणार. दोन वर्षांपूर्वीच्या मागच्या शिबिरात डिंपलला नेमका ताप भरला होता, म्हणून तशीच परत पाठवली होती. आता जूनमध्ये शाळा. गल्लीतली पोरं तिला आत्ताच ‘फाटकी’ म्हणायला लागली होती.

शेजारी भडगावची सुलक्षणा बसली होती. तिचा समाधानही आत्ताच डिंपलबरोबर आत गेला होता. दोघींची ओळख तीन दिवसांची, पण दवाखान्यातली ओळख फार लवकर पिकते. एकमेकींचे डबे कधीच उघडून झाले होते.

तेवढ्यात समोर आवाज चढला. दवाखान्यातली सिस्टर संघमित्रा एका बापाला झापत होती. त्याने सकाळी पोराला दोन घोट चहा पाजला होता. “भाऊ, भूल दिल्यावर पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं, तर पोराचा जीव जाईल! काल चार वेळा सांगितलं होतं ना? आता घरी न्या त्याला.” बाप पोराला खांद्यावर टाकून खाली मान घालून निघून गेला.

कमलबाईंची नजर जिन्याकडे गेली.

सकाळी सात वाजता त्यांनी डिंपलला जिन्याखाली नेलं होतं आणि तिच्या तोंडात दही-साखरेचा चमचा घातला होता. घरातून कोणी परीक्षेला निघालं, कोर्टात निघालं की हातावर ठेवतात, तेवढीच. सिस्टरने विचारलं होतं, “काही खायला दिलं नाही ना?” त्यावर त्या अगदी खऱ्या मनाने म्हणाल्या होत्या, “काहीच नही, ताई.” दही-साखरेला कधी कोणी खाणं म्हटलंय? ती पांढऱ्या केसांची परदेशी नर्स, रूथबाई, नाही का, प्रत्येक लेकराच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून तिच्या देवाला काहीतरी सांगायची? तिने तिचं करावं, आपण आपलं करावं. इतकी साधी गोष्ट.

आता मात्र त्यांना चैन पडेना. उठल्या, पाण्याच्या टाकीपर्यंत गेल्या, पाणी न पिताच परत आल्या.

“सुलक्षणा,” त्या हळूच म्हणाल्या, “मी तिले दही-साखर दिधी व्हती.”

सुलक्षणाने झटकन इकडेतिकडे पाहिलं. “हळू बोला, अक्का. दही काय जेवन शे का?”

“चहा बी जेवन नही. तरी धाडी दिधं ना त्याले?”

“सांगशात ते तुमले बी धाडी देतीन. मंग बसा दोन वरीस. गप बसा.”

एका चमच्याने काय होतंय, असं कमलबाईंनी स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. चहा तरी कुठे तांब्याभर होता? सून नुकती बाळंत झालेली, तिने मोठ्या भरवशाने डिंपलला त्यांच्या स्वाधीन केलं होतं. ओठ शिवून आणा, म्हणाली होती. त्यांना तो ओठ इतका हवा होता की तोंडातून शब्द निघेना, आणि त्याचीच त्यांना मनापासून लाज वाटली.

मग त्या उठल्या आणि बंद दारावर तळहात आपटायला लागल्या.

संघमित्राने दार उघडलं. “काय झालं, अक्का?”

“मन्हं चुकनं, ताई. मी पोरले सकाळे दही-साखर दिधी.”

संघमित्रा आत पळाली. आत इंग्रजीत मोठ्याने काहीतरी बोलणं झालं. जरा वेळाने रूथबाई बाहेर आली. कडेवर डिंपल. जागी, रडून लाल झालेली, ओठ होता तसाच.

“भुलीचा मास्क हातात घेतला होता,” संघमित्रा म्हणाली. “आता सहा तास थांबावं लागेल. तोवर यांचं सामान बांधून झालेलं असेल.”

कमलबाईंनी नातीला घेतलं. त्यांना हुंदका आवरला नाही. रूथबाईने खालच्या आवाजात काही विचारलं.

“काय म्हनस ती?”

“विचारतायत, का दिलं?”

“चांगलं व्हवाले पाहिजे म्हनीसन.”

संघमित्राने ते इंग्रजीत सांगितलं. रूथबाई रागावली नाही. तिने कमलबाईंच्या पाठीवर हात ठेवला. मग तिचं लक्ष बाकाकडे गेलं. तिथे आठ-दहा बायका उपाशी लेकरं मांडीवर घेऊन आपल्या नंबराची वाट पाहत होत्या. संघमित्रानेही तिकडे पाहिलं. ती शिंदखेड्याची, इथली ही रीत तिला वेगळी सांगायला नको होती.

“बायांनो, खरं सांगा,” ती म्हणाली. “दही-साखर अजून कोणी कोणी दिली?”

कोणी पंख्याकडे पाहू लागलं, कोणी लेकराचं तोंड पदराने पुसू लागलं.

कमलबाई सुलक्षणाकडे वळल्या. सुलक्षणा बाकावर नव्हती. ती संघमित्राला बाजूला ढकलून दारातून आत धावली होती.

“थांबा! मन्हा समाधानले सुई लावू नका, थांबा!”

तिच्या मागे बाकावर एक हात वर झाला. मग दुसरा.