वीट

"चढवताना मध्येच बंद पडला तर खोका कायमचा निकामी; वीट होईल त्याची, वीट!" ऑफिसला निघताना नवरा म्हणाला होता. पण शर्वरीला त्या स्वस्तातल्या मीडिया प्लेअरचा केव्हाच वीट आला होता. बडबडगीताच्या मधोमध तो भुताच्या सिनेमाची जाहिरात दाखवायचा आणि छोटी जुई झोपेतही किंचाळायची. म्हणून आज तिने पेन ड्राइव्हवरून जाहिरातींविना चालणारं दुसरं फर्मवेअर, म्हणजे खोक्याची आतली प्रणालीच, चढवायला घेतलं. टीव्हीवरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

तेवढ्यात सासूबाई निरांजन घेऊन आल्या. "दिवेलागणीला कसला गं टीव्ही?" त्यांचा हात प्लगच्या बटणाकडे गेला.

"हात लावू नका!" शर्वरी ओरडली. लग्नानंतर प्रथमच. सासूबाई जागीच थिजल्या.

पट्टी भरली. पडदा काळा झाला, आणि किती वेळ काळाच राहिला! मग उजळला. शर्वरीने जुईला समोर बसवून गाणं लावलं. जाहिरातीच्या नेहमीच्या जागी जुईने डोळे झाकून घेतले. गाणं चालूच राहिलं. बोटांच्या फटीतून बघत ती हसली.

"चुकले, आई. करा आता बंद," शर्वरी सासूबाईंना म्हणाली.

निरांजन सांभाळत सासूबाई जुईशेजारी टेकल्या. "होऊ दे पुरं. देव थांबतील जरा."