अकरावं पान

निकेशनं टेबलावरची चिठ्ठी उलट्या बाजूनं वाचली. औषध कंपनीच्या माणसाला ही कला यावीच लागते. डॉक्टरांच्या समोर हसतमुखानं बसायचं आणि ते कुणाची गोळी लिहितात ते उलट्या अक्षरांत वाचायचं. गोळी त्याच्याच कंपनीची होती. चालोफ्लेक्स, आता सकाळ-संध्याकाळ. निकेश खूश झाला. मग त्यानं वरचं नाव वाचलं. गुणवंतराव, वय त्रेसष्ट. पुढे त्याच्याच गावाचं नाव होतं आणि खाली एक ओळ : दोन्ही पायांवर सूज.

"सर, हा पेशंट गेला का?"

"नाई. आजचा पयलाच हाये. तू आला म्हणून बाहेर बसवलं त्याले."

डॉ. अतुल माणूस चांगला. चामोर्शीत वीस वर्षं त्यांचा दवाखाना. भेटवस्तूंनी आपलं मत बदलत नाही असं ते सगळ्या कंपन्यांना सांगत, आणि ते सिद्ध व्हावं म्हणून सगळ्यांकडून घेत. भिंतीवरचं घड्याळ मधुमेहाचं, कॅलेंडर ॲसिडिटीचं, फिरती खुर्ची खोकल्याची. एसी गुडघेदुखीचा, म्हणजे निकेशच्या कंपनीचा. तो मार्चमध्ये बसला. चालोफ्लेक्सही मार्चपासूनच खपू लागली. डॉक्टर याला योगायोग म्हणत. खोलीत त्यांच्या स्वतःच्या पैशाचा फक्त वजनकाटा होता. तो दोन किलो जास्त दाखवायचा.

आज निकेशनं पाकीट आणलं होतं. त्यात बँकॉकच्या परिषदेची दोन तिकिटं. परिषद दीड तासाची होती, मुक्काम चार दिवसांचा. गाडी लावताना त्यानं दाराकडं पाहिलं तर तिथं कंपाउंडरच्या चपलांचा एकच जोड. गर्दी नाही, लवकर सुटू, असं म्हणत तो कंपनीवाल्यांसाठी ठेवलेल्या मागच्या दारानं आत आला होता.

आता त्याचा हात बॅगेकडं गेला. बॅगेत चकचकीत फोल्डर होतं. त्यातलं अकरावं पान पुढच्या पानाला क्लिप लावून बंद केलेलं. नागपूरच्या हॉटेलात ट्रेनिंग झालं, तेव्हा जेवणाआधी साहेबांनी सांगितलं होतं की हे पान विचारलं तरच उघडायचं. आठ महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. पान किडनीबद्दल होतं. नोकरी पक्की व्हायला एक आठवडा उरला होता.

"सर, ती गोळी नका देऊ त्याले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पेन हृदयविकाराचं होतं.

"काऊन?"

"माहे बाबा हायेत ते."

डॉक्टर हसले. "माईत हाये मले. मंग त अजूनच चांगलं. घरचीच गोळी."

निकेशनं फोल्डर काढलं. क्लिप निघता निघेना. शेवटी ती टेबलावर उडाली आणि पाकिटावर जाऊन पडली. त्यानं पान समोर सरकवलं. पायांवर सूज दिसताच गोळी थांबवा, लघवी कमी होते का विचारा, रक्त तपासा. डॉक्टरांनी ते एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एसी मन लावून चालू होता.

"हे पान तू मले कधी दाखवलंच नाई."

"तुमी कधी विचारलं नाई, सर."

दोघांनी एकदमच पाकिटाकडं पाहिलं आणि एकदमच नजर काढून घेतली. डॉक्टरांनी चिठ्ठीवरच्या गोळीवर काट मारली. जोरात मारली, कागद फाटला. मग त्यांनी हाक दिली.

गुणवंतराव भिंतीला धरून आत आले. पोराला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"गुणवंतभाऊ, हे गोळी आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "रक्त तपासा लागते."

"बंद नोका करू साहेब! सूज काय, आज हाये, उद्या उतरन."

"बाबा, तुमाले त जुनी गोळी चालत होती ना?" निकेश म्हणाला. "हे काऊन सुरू केली?"

"होळीले आला तवा तूच नाई का बोलला? टारगेट झालं नाई त नोकरी जाते म्हणून. मंग मीच साहेबाले म्हटलं, माह्या पोराची गोळी लिवा. पयले नाई म्हणाले साहेब. म्हणे जुनीच बरी हाये, सस्ती हाये." त्यांनी आदरानं वर एसीकडं पाहिलं. "मंग हे मशीन बसली. त्याच्या दुसऱ्या खेपेले काई बोलले नाई, देल्ली लिवून."

डॉक्टर कॅलेंडर वाचू लागले.

"अन् मी एकटाच नाई घेत. पोचू घेते, सुकलू घेते, रंभाबाई घेते. ज्याचे गुडघे दुखत नाई तेबी दुखते म्हणून सांगते साहेबाले. गावचं पोरगं हाये आपलं. आज कापणी सोडून समदेच आले."

निकेशनं उठून पडदा बाजूला केला. बाकावर आठ माणसं दाटीवाटीनं बसली होती. त्याला पाहून आठही जण कौतुकानं हसले. त्यानं त्यांच्या पायांकडं पाहिलं, मग दाराकडं पाहिलं. दारात कंपाउंडरच्या चपलांचा तेवढा एक जोड होता.

"चपला शिरत नाई आता कोनाच्या पायात," मागून गुणवंतराव समजूत घालत म्हणाले. "त्याचं काई नाई. तुहं टारगेट झालं ना, बाबू?"