गुलामा, खाऊन टाकीन तुला!

ब्रुसेल्सच्या बालसंरक्षण कचेरीतल्या अधिकारी बाईंनी मुग्धापुढे कागद सरकवला. नव्या कायद्याने प्रत्येक खाजगी निरोप आधी यंत्र वाचायचं, मगच तो पोचायचा. मिरजेहून मुग्धाच्या मावशीने तिच्या दीड वर्षाच्या मुलाला, ओजसला, पाठवलेला निरोप यंत्राने अडवला होता: 'गुलामा, खाऊन टाकीन तुला!' खाली शेरा होता: गुलामगिरी, नरभक्षण.

"अहो, लाड करतेय ती!" मुग्धा भडकली. "आमच्यात बाळांशी असंच बोलतात. आणि आमच्या घरातलं बोलणं तुम्ही वाचताच कशाला?"

"मुलांच्या सुरक्षेसाठी. तुमच्या मावशींना ताकीद पाठवली आहे."

तेवढ्यात मुग्धाचा फोन वाजला. मावशीचाच निरोप, शेजारी हिरवी खूण: निर्धोक. 'चि. ओजस, तू मला आवडतोस. कळावे.'

मावशी जन्मात कुणाला 'आवडतोस' म्हणाली नव्हती. घरच्या पोराशी बोलायला ती घाबरली होती.

मुग्धाने फोन टेबलावर आपटला. मांडीवरच्या ओजसला छातीशी धरलं आणि बाईंच्या डोळ्यांत डोळे घालून ओरडली, "गुलामा, खाऊन टाकीन तुला!"

ओजस खिदळला. बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं.