उलटी प्रदक्षिणा

१९७२ साली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, सांगलीच्या कमलिनी आणि मनोहर या प्राध्यापक जोडप्याने एक गणित वाटून घेतलं. कागदाच्या मधोमध उभी रेषा. तिच्या उजवीकडे बिंदूने एका नियमाने फिरायचं, डावीकडे दुसऱ्या. उजवी बाजू त्याची, डावी तिची. बिंदू फिरून निघाल्या जागी परतला, की दोघांचा पहिला शोधनिबंध पुरा.

पण दोघांच्या वाटा वरून निघत आणि खाली रेषेवर समोरासमोर थडकत.

"तुमच्याच बाजूला चूक आहे."

"आधी तुझी तपास!"

आठवडाभर अबोला. आपला संसारही असाच अडणार, या धास्तीने अखेर तिनेच विचारलं, "अहो, तुमचा बिंदू फिरतो कसा?"

"प्रदक्षिणेसारखा. आणखी कसा?"

"अगंबाई! माझा घड्याळाच्या उलट, पुस्तकातल्यासारखा!"

त्याचे कान लाल झाले. "माझा फिरव."

"नको, माझाच फिरवते. प्रदक्षिणा उलटी घालू नये." दोघं पोट धरून हसले, आणि वाट अलगद जुळली.

निबंध छापून आला. मनोहर पुढे प्राचार्य झाला, वयाच्या सत्तरीत वारला. कमलिनी आता लेकीकडे असते. भांडणं नंतरही पुष्कळ झाली. अबोला मात्र संध्याकाळपर्यंत कधी टिकला नाही.