खडकावरचा माणूस

धबधबा केवढा मोठा आहे ते कळावं म्हणून फोटोत एक माणूस उभा करायचा, ही सरांची जुनी खोड. फोटोग्राफीच्या मागच्या कार्यशाळेत त्यांनी तिच्या धाकट्या बहिणीला त्या निसरड्या खडकावर उभं केलं होतं. पोरगी वाहून गेली. सर घरी भेटायला आले तेव्हा हा गृहस्थ म्हणतो, "जरा हलली हो, नाहीतर काय फोटो आला असता!"

आजच्या कार्यशाळेला ती मुद्दाम नाव नोंदवून आली होती. सरांनी तिला ओळखलंसुद्धा नाही.

"सर, आज तुम्हीच उभे राहा ना," ती सगळ्यांदेखत गोड आवाजात म्हणाली. सर फुशारकीनं खडकावर चढले.

तिनं शटर बराच वेळ उघडं ठेवलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाणी दुधासारखं आलं. सर स्वच्छ दिसत होते, फक्त त्यांची पावलं नव्हती. हलणारी वस्तू अशा फोटोत पुसली जाते, हे तिला ठाऊक होतं. पण सर तर खांबासारखे उभे होते.

तिनं पुन्हा बटण दाबलं. आता गुडघे गेले. तिथं मागचा ओला कातळ दिसत होता.

"ताई, आटपा की! पायांना मुंग्या आल्यात."

"सर, पोट आत घ्या!" शेजारचा एकजण ओरडला. सगळे खिदळले.

तिसऱ्या फोटोत सर कमरेपासून वरच उरले.

"अहो, मला पायच जाणवत नाहीत! कुणीतरी हात द्या!" त्यांचा आवाज चिरकला. लोक आणखी हसले.

मान वर करून बघायची तिला गरज वाटली नाही. तिनं शटरची वेळ दुप्पट केली आणि बटणावर बोट ठेवलं.