इटालियन उखाणा

"नाव घ्या, नाव घ्या!" लग्नाच्या वाढदिवसाला पाहुण्यांनी गलका केला, आणि श्रीरंगनं दरवर्षीसारखा इटालियनमध्ये उखाणा घेतला. लग्नाआधी कंपनीनं त्याला दोन वर्षं इटलीत, तोरिनोला पाठवलं होतं. ती भाषा आता एवढ्यापुरतीच उरली होती. शेवटच्या ओळीला त्याचे डोळे पाणावले. कालिंदीनं त्याला जिलबीचा घास भरवला. टाळ्या पडल्या.

एरवी हा माणूस 'भाजी बरी झालीय' एवढंही म्हणायचा नाही. पण उखाण्याचा अर्थ विचारला की सांगायचा, 'तू आहेस म्हणून घराला घरपण आहे.' त्या एका वाक्यावर तिनं सगळा संसार रेटला होता. उखाणा तिला तोंडपाठ होता. श्रीरंग रुसला की तीच उखाणा म्हणून दाखवायची, आणि तो विरघळायचा.

"मामी, जरा आत ये ना." मिलानहून शिकून नुकतीच परतलेली भाची तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "अर्थ मामा सांगतो तोच आहे गं. पण शेवटच्या ओळीतली ही ऑर्नेला कोण? बाईचं नाव आहे ते."

कालिंदीला इतकी वर्षं वाटत होतं, बायकोला तिकडे लाडानं असंच काहीतरी म्हणत असतील.

बाहेर पुन्हा गलका उठला, "आता वहिनींचा नंबर!"

तिनं पदर सारखा केला. उखाण्यात नाव घ्यावंच लागतं, नाहीतर तो उखाणा कसला? श्रीरंगनं ते दरवर्षी, न चुकता, सगळ्यांसमोर घेतलं होतं.